मायनं दिलेलं घर विकलं

अर्जनवीसानं माझा डावा हात धरला आणि अंगठा शाईच्या गादीवर दाबला. विचारलं नाही. बाजारात भेंडी मोडून बघतात तसा त्यानं अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या भावाला म्हणाला, "रेषाच नाहीत हो साहेब. घासून गेल्या. ठसा उठणार नाही."

"मिरच्यांच्या गोदामात आहे ना ती," भाऊ म्हणाला. "दोनदा दाबा."

मी म्हटलं, "मले सही येते."

अर्जनवीसाच्या तोंडात पान होतं. ते सांभाळत तो हसला. "सही येते? किती शिकल्या?"

"चवथी."

"मंग कलेक्टरच व्हा की. इथं कायले बसता?"

बाकावरचे दोघे हसले. ते भावाच्या ऑफिसातले, साक्षीदार म्हणून आणलेले. भाऊही हसला.

"बाई, तुमचं नाव लिहून होईपर्यंत आतले साहेब जेवायले निघून जाईन. अंगठा द्या, काम संपवा."

मी अंगठा दिला. दोनदा.

हे आधीच सांगून टाकते. लोक आपली गोष्ट सांगताना कसे लढले तेवढंच सांगतात. मी त्या दिवशी आधी अंगठा दिला. शाई पुसायला त्यानं मला फडकंसुद्धा दिलं नाही. मी ती लुगड्याच्या पदराला पुसली.

अर्जनवीसानं कागद एकत्र केले. मायनं केलेला जुना कागद वर ठेवला, घराच्या चारी बाजू लिहून घ्यायला तो लागला होता. त्यावर नजर टाकून म्हणाला, "तुमच्या लोकांत बायकांच्या नावानं घरं? कमाल आहे."

मला वाटलं, आता भाऊ बोलेल. भाऊ बोलणारा माणूस. भीमजयंतीला स्टेजवर उभा राहून स्त्रियांच्या हक्कावर बोलायचा, अर्धा अर्धा तास. मी समोर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवल्या आहेत.

भाऊ म्हणाला, "आई अडाणी होती हो."

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढचं वर्ष होतं ते. नागपूरची रजिस्ट्रीची कचेरी. मी चाळिशीला टेकलेली विधवा, मूलबाळ नाही.

ती अडाणी माय इतवारीत एका व्यापाऱ्याच्या गोदामात मिरच्यांचे देठ खुडायची. भिवापुरी मिरची. गाडी उतरली की गोदामात डोळे उघडत नसत. हाताची आधी आग व्हायची, मग हात बधिर व्हायचा, मग संध्याकाळी पाणी लागलं की पुन्हा आग. घरी आल्यावर माय आमच्या तोंडाला हात लावत नसे. जवळ घ्यायची ती कोपरानं.

बाप लवकर गेला. मी चौथी पास झाले आणि माय मला सोबत गोदामात घेऊन गेली, कारण भावाला शिकवायचं होतं. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पुढे तो मॅट्रिक झाला, सरकारी ऑफिसात लागला, त्याला क्वार्टर मिळाली. इंदोऱ्याच्या पलीकडे तेव्हा बाभळी होत्या, तिथं मायनं स्वतःच्या नावानं जागा घेतली होती आणि दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. विटा तिनं आणि मी डोक्यावरून वाहिल्या.

माझं लग्न उमरेडकडे झालं. नवरा तापानं गेला. सासरच्यांनी दुसऱ्याच आठवड्यात मला एसटीत बसवून दिलं. मी परत मायजवळ आले, परत तेच गोदाम, तिच्या बाजूला तेच पोतं.

मरायच्या दोन वर्षं आधी माय म्हणाली, "पोरी, हे घर तुया नावानं केलं. कचेरीत जाऊन पक्कं केलं. भाऊले शिक्षण देलं, तुले घर देलं. बरोबर झालं का नाई?"

मी म्हटलं, "बरोबर झालं वं माय."

"कागद भाऊजवळ ठेवला. त्याच्याकडे लोखंडाची पेटी आहे. आपल्याकडे उंदरं."

माय गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, लोक जेवले, आणि भावानं तो कागद काढून सगळ्यांसमोर वाचला. सदर, अगर, येणेप्रमाणे. वाचून झाल्यावर घडी घातली आणि सोप्या भाषेत सांगितलं, "अक्काला हयात असेपर्यंत राहायचा हक्क आहे. विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. तिच्यामागे घर आपल्याकडे."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली.

आमच्यात तेव्हा तशीच पद्धत होती. पत्र आलं, नोटीस आली, की ती पुरुषाच्या हातात जायची. घरात पुरुष नसला तर शेजारच्या पुरुषाच्या. तो वाचणार, आम्ही ऐकणार. मला वाचता येत होतं. शाळेत मास्तर मला उभं करून धडा वाचायला लावायचे. गोदामात पोत्यावरची नावं मीच वाचून सांगायचे, मुनीम चष्मा विसरला की हमखास मीच. पण घरचा कागद म्हटला की माझे डोळे आपोआप खाली जायचे. मायच्या मागं दहा वर्षं तो कागद भावाच्या पेटीत होता. दहा वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही, भाऊ, दाखव. भावाची मला शिसारी येते, पण हे आठवलं की माझी स्वतःचीही येते.

मग माझी छाती गेली. खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. गोदामातल्या तिघीजणी अशाच खोकत खोकत गेल्या होत्या. मला कळलं, दुसऱ्याच्या मिरच्यांचे देठ खुडत राहिले तर माझीही तीच गत आहे. तेवढ्यात रस्त्यावर एक खोली विकायला निघाली. वीज होती, बाजूला किराण्याचं दुकान होतं. मिरची-हळद कुटायचं मशीन बसवलं तर बायका डबे घेऊन येतील, मी दाराशी हवेत बसून काम करीन. आमचं घर आत गल्लीत होतं, तिथं गिऱ्हाईक कोण येणार? घर विकायचं, खोली घ्यायची, मशीन बसवायचं. एवढा साधा विचार होता. जगायचं असेल तर तेवढाच रस्ता होता.

मी भावाच्या क्वार्टरवर गेले. मागच्या दारानं. पुढच्या खोलीत मला बसवत नसत. माझ्या लुगड्यात मिरची बसलेली असायची, भावाच्या पोरांना ठसका लागायचा. भावजय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ माझ्यासाठी तरट टाकायची आणि चहा देताना तोंडावर पदर घ्यायची. ते मला तेव्हा अपमान वाटत नव्हतं. बरोबरच आहे, लेकरांना त्रास नको, असं वाटायचं.

"भाऊ, मले घर विकाचं आहे."

"विकता येत नाही अक्का तुला. किती वेळा सांगायचं? कागदातच नाही ते."

"मंग मी मशीन कशी घेऊ गा?"

"मी बघतो," म्हणाला.

पंधरा दिवसांनी तो स्वतः माझ्या घरी आला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. हातात सीताबर्डीच्या दुकानाचं पुडकं होतं. त्यात माझ्यासाठी साडीचोळी. भावजयीनं निवडली म्हणे. खाटेवर बसला, पाणी प्यायला, मायच्या फोटोकडे बघितलं.

"एक कागद करावा लागेल, अक्का. घर माझ्या नावावर करू. मग मी विकतो आणि तुला मशीन घेऊन देतो. बाईच्या नावानं असले व्यवहार होत नसतात."

मी साडी पाहिली. गुलाबी होती. बहिणीनं भावाला घर-जमीन सोडून दिली की भाऊ तिला साडीचोळी करतो, ही रीत मला माहीत होती. वस्तीतल्या कितीतरी बायका असं नवं लुगडं नेसून, कुंकवाच्या जागी हसू चिकटवून घरी आलेल्या मी पाहिल्या होत्या. तरी मला वाटलं, माझा भाऊ तसा नाही. हा शिकलेला आहे.

म्हणून मी कचेरीत गेले. म्हणून अंगठा दिला.

आमचा नंबर यायला वेळ होता. भाऊ साक्षीदारांना चहा पाजायला बाहेर निघाला. जाताना कागदांची पिशवी त्यानं माझ्या मांडीवर ठेवली.

"धर हे. कोणाला देऊ नको."

वाचता येणाऱ्या बाईच्या मांडीवर त्यानं कागद ठेवले आणि तो चहाला गेला. मी ते वाचीन हे त्याच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. मला फक्त मायचा अंगठा बघायचा होता. कोणीतरी माझ्या अंगठ्याला नुकती नावं ठेवली होती, तिचा कसा उठला होता ते बघावं असं वाटलं. मी जुना कागद काढला. शेवटी तिचा अंगठा होता. मध्ये पांढरे चट्टे, रेषा तुटलेल्या. अगदी माझ्यासारखा.

त्याच्या बाजूला लिहिलं होतं, साक्षीदार. त्याखाली माझ्या भावाची सही. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची त्याची सवय, तीच शेपूट.

म्हणजे हा तिथं होता. माय अंगठा देत होती तेव्हा हा बाजूला उभा होता.

मग मी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षर कचेरीचं, लपेटलेलं. एकेक शब्द लावत गेले. पहिल्यांदा अर्थ लागला नाही. दुसऱ्यांदा लागला. तिसऱ्यांदा मी तो ओठांनी वाचला.

"सदर घर व त्याखालील जागा आजपासून तुझ्या पूर्ण मालकीची झाली आहे. तू ती वाटेल त्या प्रकारे वापरावी, भाड्याने द्यावी, गहाण ठेवावी अगर विकावी. त्यास माझी किंवा माझ्या मुलाची अगर इतर वारसांची काहीएक हरकत राहणार नाही."

अगर विकावी.

हयातीपर्यंत असं कुठंच नव्हतं. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. नव्हतं.

मायला जाऊन काही दिवस झाले होते, लोकांच्या ताटातला भात वाळला नव्हता, आणि हा माणूस हा कागद हातात धरून, ही ओळ डोळ्यांनी बघून, ती गिळून पुढे वाचत गेला. सगळ्यांसमोर. माझ्यासमोर. मग मी नवा कागद काढला. त्यात मी म्हणत होते की मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, भावावरील प्रेमापोटी घर त्याला बक्षीस देत आहे. विकून मशीन घेऊन देण्याची गोष्ट एका शब्दानं नव्हती. खाली माझा अंगठा होता. ओला.

पुकारा झाला. भाऊ धावत आला, पिशवी माझ्या हातातून घेतली, कागद टेबलावर ठेवले. रजिस्ट्रारसाहेब मान खाली घालून लिहीत होते. मान वर न करता विचारलं, "बाईंना कागद वाचून दाखवला? मजकूर कबूल आहे?"

"हो साहेब," भाऊ म्हणाला. "समजावून सांगितलं आहे."

साहेबांनी शिक्का उचलला. असंच चालत असावं. प्रश्न बाईला, उत्तर पुरुषाचं.

"साहेब," मी म्हटलं, "मले एक सांगा. हे घर मले विकता येत नाही, असं माया भाऊ दहा वर्षं झाले सांगून राहिला. विकता येत नाही ते मले फुकट देता कसं येते?"

साहेबांनी मान वर केली. "विकता येत नाही कोण म्हणतं? घर कोणाचं आहे?"

"माया मायनं मले देलं. तो काय कागद, तुमच्यापुढेच आहे."

त्यांनी जुन्या कागदावर नजर फिरवली. "मग विका, ठेवा, नाहीतर द्या. तुमचं तुम्ही बघा. मजकूर कबूल आहे का तेवढं बोला. मागं लाइन आहे."

भावानं माझं कोपर धरलं. "अक्का, घरी बोलू. इथं तमाशा नको."

"कबूल नाही," मी म्हटलं. "अंगठा माया आहे. मजकूर याचा आहे."

अर्जनवीस दारात उभा होता. पान चघळायचं थांबला. साहेबांनी नवा कागद बाजूला सरकवला. "घरचं भांडण घरी मिटवा. चला, पुढचा कोण?"

कोणी माझी पाठ थोपटली नाही. मागचा माणूस वैतागून म्हणाला, "कायले टाइम खोटी करून राहिली बाई?" मी मायचा कागद टेबलावरून उचलला, घडी करून पोलक्यात खोचला आणि बाहेर आले.

बाहेर लिंबाखाली भावानं मला गाठलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. ऑफिसातल्या दोघांसमोर त्याची लाज गेली होती, त्याला तेवढंच दिसत होतं.

"तुझ्यामागे कोण आहे? कोणासाठी करतेस हे?"

"मी अजून मेली नाही ना गा."

"देठ खुडणाऱ्या बाईला व्यवहार काय कळतो?"

"तुले वाचता येते, तरी तू ओळ खुडून वाचली. मी देठ खुडते, तरी आज पुरं वाचलं."

"मी काय खाणार होतो का तुझं घर?"

"ते सांग. ओळ काहून गाळली?"

तो चपलेवरची धूळ झटकायला वाकला. एवढा बोलणारा माणूस. साक्षीदार दुसरीकडे बघत होते. कागद झाल्यावर नेसायचं म्हणून मी आणलेलं साडीचं पुडकं त्याच्याच पिशवीतून बाहेर डोकावत होतं. मी म्हटलं, "भावजयले नेसू दे. गुलाबी तिले शोभते." आणि चालत निघाले. रिक्षा केली नाही. छातीत कळ येत होती, दोनदा थांबून खोकले. शाई लागलेला अंगठा मुठीत दाबून ठेवला.

घर विकायला पुढं वर्षाहून जास्त लागलं. मालकी माझी, कागद माझा, पण गिऱ्हाईक येऊन पहिला प्रश्न विचारायचं, "घरात पुरुष कोण आहे?" भावानं वस्तीत सांगून ठेवलं होतं की घर वादात आहे. शेवटी मी एका वकिलाकडे गेले. त्यांच्या मुनशीनं मला दुपारपर्यंत बाहेर बसवलं. वकिलांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मायनं दिलं, तुमचं झालं. भावाची, पुतण्याची, कोणाचीही सही लागत नाही." मी म्हटलं, हे मला चिठ्ठीवर लिहून द्या. त्यांना हसू आलं, पण लिहून दिलं. ती चिठ्ठी मी येईल त्या गिऱ्हाईकाला दाखवायची. एक मास्तर होता. त्यानं चिठ्ठी पूर्ण वाचली, मान डोलावली आणि म्हणाला, "तरीपण भावाची संमती आणा. बरं दिसतं."

बरं दिसतं! माझ्या घराच्या ओसरीत उभा राहून. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेवटी एका शिंप्यानं आणि त्याच्या बायकोनं घर घेतलं. विक्रीपत्र मी स्वतः वाचलं, पूर्ण, बोट ठेवून. मग माझं नाव लिहिलं. वेळ लागला. लागू दिला.

नातलग म्हणाले, मायची आठवण विकली. भावानं तर जयभीम घालणंही बंद केलं. म्हणोत. मायला एक अक्षर येत नव्हतं. पण कचेरीतले लोक स्वतःहून कोणाला विकायचा हक्क लिहून देत नाहीत. ते तिनं सांगितलं असणार, हट्टानं लिहायला लावलं असणार, आणि वाचून घेतल्यावरच अंगठा दिला असणार. तिनं मला भिंती दिल्या नव्हत्या. पाहिजे तेव्हा विकून निघून जायची मोकळीक दिली होती. ती ओळ माझ्या सख्ख्या भावानं दहा वर्षं पेटीत कोंडून ठेवली.

रस्त्यावर खोली घेतली, मशीन बसलं. खोकला गेला नाही, मिरचीही सुटली नाही. काही साल धंदा चालला, काही साल बसला. गोदामाच्या मालकाचं तोंड मात्र पुन्हा पाहिलं नाही.

आता मी म्हातारी झाले. रस्ता रुंद झाला, खोलीला भाव आला, आणि पुतण्यांना आत्या आठवायला लागली. मला बघून ज्यांना ठसका लागायचा तीच ही पोरं. परवा मोठा संत्री घेऊन आला. पुढच्या दारानं आला, खाली बसला, पाया पडला.

"आत्या, तू एकटी आहेस. खोलीचे कागद माझ्याकडे ठेव. सांभाळून ठेवतो. आणि एक सही लागते, टॅक्सचं काम आहे."

मी संत्री ठेवून घेतली. सही दिली नाही. म्हटलं, "कागद इथं ठेव, मी वाचते. आठ दिवसांनी ये." तो म्हणाला, "आत्या, तुला दिसत नाही आता." मी म्हटलं, "चष्मा आहे." त्यानं कागद ठेवला नाही. घेऊन गेला. तेवढ्यावरून मला समजायचं ते समजलं.

ही खोली मी विकीन, नाहीतर ठेवीन, नाहीतर रस्त्यावरच्या एखाद्या बाईला देऊन टाकीन. अजून ठरवलं नाही. कोणाच्या भल्याचा विचार करून ठरवणार नाही. रक्ताचं आहे म्हणून कोणाला देणार नाही. पण जे करीन त्याचा कागद मी स्वतः सांगून लिहवून घेईन आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतः वाचीन. एक दिवस लागो, चार लागोत. माझ्या नावाचा कागद दुसऱ्याच्या तोंडून मी आता ऐकत नाही.